खांबावरचा किरिल

मंगळवार, ७ ऑक्टोबर

नगरपालिकेला आता मेलेल्यांचीही अडचण व्हायला लागली! बसथांब्यावर नोटीस लागलीय — पुढच्या महिन्यापासून गावातल्या खांबांवरची, झाडांवरची, फाटकांवरची सगळी निधनपत्रकं काढून टाकणार. गाव विद्रूप दिसतं म्हणे. पर्यटक नाकं मुरडतात. कुठले पर्यटक? गेल्या उन्हाळ्यात एक जर्मन जोडपं आलं होतं, तेही रस्ता चुकून. यापुढे माणूस गेला की त्याचं पत्रक नगरपालिकेच्या वेबसाइटवर. फार तर दफनभूमीच्या दाराशी, काचेच्या कपाटात.

माझा नवरा किरिल चार वर्षं त्या थांब्याच्या खांबावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसतो. आधी चाळिसाव्या दिवसाचं पत्रक लावलं, मग सहा महिन्यांचं, मग दर वर्षाचं. एक फिकट पडलं की मी घरी खळ शिजवते आणि दुसरं डकवते. फोटो भाच्याच्या लग्नातला. त्यात तो चिडलाय, कारण जेवण उशिरा आलं होतं, पण परक्याला ते रुबाबदार वाटतं. सकाळची कॉफी मी त्याच्यासमोर बसून घेते. जिवंतपणी तो अंधारातच बस घेऊन निघायचा, सकाळची कॉफी एकत्र अशी कधी झालीच नाही. आता कुठे होतेय, तर हे निघाले त्याला उचलायला!

नोटिशीच्या खाली बारीक अक्षरात — नागरिकांची सभा, गुरुवारी सहा वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये. जाणार. आणि बोलणार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गेले. बोलले नाही.

हॉलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यातली दोन तिथे हीटर चालू असतो म्हणून येऊन बसलेली, आणि एक बाई वार चुकून गाण्याच्या तालमीला आलेली. वर टेबलामागे नगराध्यक्ष म्लादेन. आमच्याच गल्लीत वाढलेला पोरगा, आमच्या चेरीच्या झाडावरून पडून हात मोडून घेतलेला. आता पंचावन्नचा झाला, टाय लावतो. त्याने विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का? मी उठणार तोच जीभ टाळूला चिकटली. घरात माझी जीभ कात्रीसारखी चालते असं किरिल म्हणायचा. चारचौघांत मात्र सगळं बोलणं तोच करायचा. मी नुसती बाजूला उभी राहून त्याचा कोट ओढायची, म्हणजे त्याने थांबावं.

शेवटी हीटरवाल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या दारापुढच्या खड्ड्याचा विषय काढला आणि सभा त्या खड्ड्यात गेली ती बाहेर आलीच नाही.

म्लादेन म्हणाला, एवढ्याशा माणसांत ठराव करणं बरं दिसत नाही. पुढची सभा तेवीस तारखेला. तेव्हाही कुणी आलं नाही तर कुणाची हरकत नाही असं समजू.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दारोदार फिरले. सगळ्यांना माझं म्हणणं पटतं. वरच्या मजल्यावरची ल्युबा तर म्हणाली, "दोन्का, माझाही नवरा आहे खांबावर, मी तुझ्या पाठीशी आहे." मग ये की! तर म्हणे गुरुवारी तिची मालिका असते. बेकरीवाला म्हणाला, सभेत खायला काय आहे? बाकीच्यांच्या हिवाळ्याच्या बेगमीच्या मिरच्या भाजायच्या राहिल्यात. सगळे माझ्या पाठीशी आहेत, पण आपापल्या खुर्चीत बसून.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

गांचोकडे गेले. त्याचं दुकान शवपेट्यांचं आणि फुलांच्या चक्रांचं. गावातलं एकमेव छपाईचं यंत्रही त्याच्याचकडे, त्यामुळे निधनपत्रकं तोच छापतो आणि लागली तर नगरपालिकेची कामंही. तोही धास्तावलाय. खांब गेले तर त्याचं अर्धं दुकान बसलं.

म्हणाला, म्लादेनने पुढच्या सभेसाठी मोठं पोस्टर सांगितलंय, मधोमध स्वतःचा फोटो. लोकांचं लक्ष जावं म्हणून. फोटो दाखवला. निळा सूट, किंचित हसू, नजर लांब कुठेतरी.

"असा फोटो माणसाने हातपाय चालताहेत तोवर काढून ठेवावा," गांचो म्हणाला. "नाहीतर मागाहून लोक मला काय काय आणून देतात. परवा एकाचा मासे धरतानाचा आणला."

बुधवार, २२ ऑक्टोबर

म्लादेन गेला!

सकाळी पडदा सारला तर किरिलच्या शेजारी नवं पत्रक. काळी चौकट, वर क्रॉस, आत म्लादेन, निळ्या सुटात. चष्मा न शोधताच खाली धावले. गुरुवारी सहा वाजता, वाचनालयाचा हॉल. बरोबरच आहे, मोठ्या माणसांना निरोप तिथेच देतात. बाकीचा मजकूर वाचवेना. वाचतो कोण? काळी चौकट बघायची, तोंड बघायचं, वार आणि वेळ बघायची. पुढचं सगळ्यांचं सारखंच असतं.

रविवारी मी त्याच्याबद्दल ल्युबापुढे काय काय बोलले! जीभ झडो माझी. ल्युबा म्हणाली तो परवा राजधानीत, सोफियाला गेला होता, तिथेच काहीतरी झालं असणार. तिने नगरपालिकेत फोन लावला तर कुणी उचलला नाही. दुखवटा असेल, म्हणाली. एरवीही कुणी उचलत नाही, पण आज ते मनाला लागलं.

गाढव होता, पण आमचा होता. गहू भिजत घातलेत. उद्या उकडून साखर-अक्रोड घालून नेते, मेलेल्याच्या नावाने वाटायला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

कुठून सुरुवात करू!

हॉल भरून माणसं जिन्यात उभी. सगळ्या बायका काळ्या रुमालात. प्रत्येकाच्या हातात फुलं, सम संख्येत, मेलेल्याला देतात तशी. मिरच्यावाले आले, ल्युबा मालिका सोडून आली, बेकरीवाला कोट घालून. वर मात्र पेटी नव्हती. नुसतं टेबल आणि पाण्याची बाटली. लोक म्हणाले, सोफियाहून यायची असेल.

वाट बघत किती बसणार? बेकरीवाला उठला आणि म्लादेनबद्दल चार चांगले शब्द बोलला. मग खड्डेवाला म्हातारा बोलला — असा नगराध्यक्ष पुन्हा होणे नाही, खड्डा बुजवला नाही, पण ऐकून किती घ्यायचा! मी घळाघळा रडले. ल्युबाने कोपराने ढोसून मागे बघायला लावलं. शेवटच्या रांगेत मग्दा, म्लादेनची घटस्फोटित बायको. कोट न काढता, कुणाशी न बोलता बसलेली. "तीसुद्धा आली बघ," ल्युबा म्हणाली.

एवढ्यात बाजूचं दार उघडून म्लादेन आत आला. काखेत फाइल.

कुणाचं तरी गव्हाचं ताट खाली पडलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी भराभरा छातीवर क्रॉसची खूण केली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो ती गर्दी बघून जागच्या जागी विरघळला. "इतके लोक," म्हणाला, डोळे भरून आले त्याचे. मग फुलं दिसली. मग मधल्या रांगेतल्या कुणीतरी मांडीवर धरलेला त्याचाच फोटो दिसला, काळ्या फितीचा.

गांचो उठला, टोपी हातात. म्हणाला, पोस्टर छापलं, चौकट यंत्राने आपोआप टाकली. वीस वर्षांत त्याला दुसरं काही छापायला कुणी फारसं सांगितलंच नाही, यंत्रालाच सवय लागलीय. आणि गांचोला स्वतःलाही ते काही वेगळं दिसलं नाही.

लोक हसतील असं वाटलं होतं, तर चिडले! खड्डेवाल्याने रीतसर हात वर करून सांगितलं की आपण मघाशी जे बोललो ते मागे घेतो, तशी इतिवृत्तात नोंद व्हावी.

आणि मी उभी राहिले. कशी, मला माहीत नाही. हातात गव्हाचं पातेलं होतं, त्याचा आधार वाटला असेल.

"म्लादेनसाहेब," मी म्हटलं, "दोन आठवड्यांपूर्वी ह्या हॉलमध्ये हीटरशिवाय कुणी नव्हतं. आज पाय ठेवायला जागा नाही. कशामुळे? खांबामुळे. तुम्ही वेबसाइटवर मेला असतात ना, तर तुम्हाला खांदा द्यायला चार माणसं जमली नसती."

अशा टाळ्या पडल्या! मला चढलंच. म्हटलं, "आमची माणसं कुणाचं काही खात नाहीत. जागच्या जागी उभी आहेत. ज्याला बघवत नसेल त्याने मान वळवावी!"

पत्रकं राहावीत का, यावर मतदान झालं. पहिला हात मागून मग्दाचा वर गेला, मग अख्ख्या हॉलचे. म्लादेनने फाइल मिटली, म्हणाला, "ठीक आहे. राहू देत." नंतर सगळ्यांनी मिळून गहू संपवले, म्लादेनच्या आत्म्याला शांती मिळो म्हणत. त्याने मात्र घास घेतला नाही. मला वाटलं, हरला म्हणून रुसला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बेकरीवाल्याने चीज भरलेल्या बानित्साचे पैसे घेतले नाहीत. रस्त्यात लोक थांबवून म्हणतात, खांदा द्यायला चार माणसं — वा, दोन्काबाई! किरिल आज फोटोत जरा कमी चिडलेला वाटतोय. त्याच्यासमोर दोन कप प्याले.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी म्लादेन दारात. मी भांडणाच्या तयारीनेच कॉफी टाकली. खिडकीपाशी बसला. मग म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तू म्हणालीस, बघवत नसेल त्याने मान वळवावी."

"म्हटलं खरं."

"घरापासून ऑफिसपर्यंत दर खांबावर माझी एलित्सा आहे. मग्दा लावते, दर सहा महिन्यांनी नवी. तिला त्याने बरं वाटतं. मी तिला नको कसं म्हणू? म्हणून सगळ्यांचीच काढायला निघालो होतो. आता तू सांग, मान वळवू तरी कुठे?"

एलित्सा. त्यांची एकुलती लेक, तीन वर्षांपूर्वी आजारात गेली. किरिलच्या खाली, त्याच खांबावर आहे ती. कपाळावर केस, ओठ मिटलेले. रोज सकाळी माझ्यासमोर असते. मी तिच्याकडे बघणं कधी सोडून दिलं, मला आठवत नाही.

उठले. त्याची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली, त्याला बसवलं, कॉफी हातात दिली. मग माझीही खुर्ची फिरवली.