वाघिणींचा बार्ज

४ मार्च, मंगळवार

बाबा आजही बंदरावर. नऊला कानटोपी घालून निघाले, एकला परत. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पुण्याहून येऊन बारा दिवस झाले. एवढ्या दिवसांत आमचं बोलणं झालं ते चहा-जेवणापुरतं.

आउसलेंडरबेहोर्डेचा, परदेशी नागरिकांच्या कचेरीचा, फॉर्म भरला. 'फरहायराटेट'च्या चौकटीत खूण केली. विवाहित. दुसरी कुठे करणार? ऑगस्टमध्ये मयुरेश पॅडलबोर्ड घेऊन सरोवरात गेला. बोर्ड सापडला, तो नाही. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विधवेची चौकट माझी नाही.

अक्षर चांगलं आलं.

१२ मार्च, बुधवार

बाबांनी मित्र जमवलाय! हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुगर. सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी इथेच, फ्रीडरिक्सहाफेनच्या बंदरावर मालगाड्यांचं शंटिंग करायचे. बाबांची पस्तीस वर्षं दौंडच्या गुड्स यार्डात गेली. यांना जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजीसुद्धा धड नाही. हातवारे करतात. फारच अडलं तर शाळेतून येताना माझी लेक स्वानंदी दुभाषी म्हणून मध्ये उभी राहते.

जेवताना बाबा पहिल्यांदाच सलग बोलले. १८६९ पासून इथून रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, बोटीवर चढवून पलीकडे स्वित्झर्लंडला न्यायचे. माल उतरवायचा नाही, अख्खी वाघीणच पाण्यावर. रूळ थेट धक्क्यापर्यंत. पहिली वाफेची बोट इतका कोळसा खायची की लोक तिला 'कोळसाखाऊ' म्हणत. मग बार्ज आले, बिनइंजिनाच्या सपाट बोटी, स्टीमर ओढून न्यायची. वाघिणी दोन्ही बाजूंना सारख्या चढवायच्या, नाहीतर बार्ज कलंडतो. १९७६ला सगळं बंद. बंदराच्या स्टेशनात आता म्युझियम आहे.

"आमच्या यार्डात निदान जमीन तरी हलत नव्हती," म्हणाले.

मी ऐकलं. पोळी वाढली.

१९ मार्च, बुधवार

बंदराचा इतिहास जमवणारं ब्रुगरांचं एक मंडळ आहे. सात-आठ निवृत्त माणसं. असा एक जुना बार्ज तळाशी पडलाय असं त्यांना वाटतं. आता तळ दाखवणारं सोनार यंत्र लावलेली बोट मिळाली आहे, दर शनिवारी शोधायला जाणार. बाबाही जाणार म्हणाले. मी म्हटलं, थंडी आहे. म्हणाले, असू दे.

त्याच पाण्यात लोखंड शोधायला! मला राग यायला हवा होता. आला नाही.

२० मार्च

स्वानंदीने ब्रश करता करता विचारलं, "पापा इस्ट तोट, ओडर?" पापा मेलाय, हो ना? मी म्हटलं, चूळ भर.

२९ मार्च, शनिवार

बाबा बोटीवरून आले ते ओठ निळे करून. काही मिळालं नाही. आल्याचा चहा दिला.

पुण्याहून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन. बाबांना बोट कशाला हवी या वयात, म्हणाल्या. मयुरेशचं दिवसकार्य करायचं नाव कुणी काढायचं नाही, हे पुन्हा बजावलं. सापडल्याशिवाय तो गेला असं त्या म्हणणार नाहीत. मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणते.

१४ एप्रिल, सोमवार

बेकरीत ब्रुगर भेटले. सहज विचारलं, बार्जचं कुठवर आलं? ते गोंधळले. मग बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की आम्ही बार्ज शोधतच नाही आहोत. पहिल्याच शनिवारी बाबांनी त्यांच्या हातात एक कागद दिला. बोर्ड सापडला त्या जागेचे आकडे, तारीख, त्या दिवशीचा वारा. पोलिसांच्या कागदांवरून स्वतःच्या हाताने उतरवलेले. वर मयुरेशचा फोटो.

मंडळाने तिथल्या तिथे मत घेतलं. सगळे हात वर.

"बार्ज शंभर वर्षं थांबलाय," ब्रुगर म्हणाले. "अजून थांबेल."

मी घरी आले. बाबा लसूण सोलत बसले होते. मी समोर बसले आणि विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

ते सोलतच राहिले. मग म्हणाले, "यार्डात वाघीण हरवली, की शेवटची जिथे दिसली तिथून सुरुवात करायची. मला तेवढंच येतं, मीनल. नाही सापडला, तर तुला दोनदा दुःख कशाला?"

अर्ध्या कुड्या मी घेतल्या. सोलल्या. काहीतरी वाटायला हवं होतं. नखांत लसणाचा वास, बस.

३ मे, शनिवार

धुकं. बोट निघालीच नाही. बाबा खिडकीशी उभे. वीस तारखेचं त्यांचं विमान आहे, व्हिसा त्याच आठवड्यात संपतो. संध्याकाळी ब्रुगरांचा फोन आला: उरलेले सगळे दिवस जाऊ, शनिवारची वाट नको. मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बूट पुसायला घेतले.

६ मे, मंगळवार

काही नाही.

९ मे, शुक्रवार

स्वानंदीला शाळेतून आणायला निघायचंय, म्हणून एवढंच.

पावणेअकराला बाबांचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज नव्हता.

"मीनल, सापडला."

मी विचारलं, "बार्ज?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "आपला मयुरेश."