कान तुटलेले कप

धाकटे, भरभरून आशीर्वाद. आधी आली शेजारच्या सुताराची बायको, मागून तिची सासू. इथली जुनी माणसं शहरात गेली गं, आता प्रत्येक दाराआड नवी माणसं, नवी बोली. मला त्यांचं एक अक्षर कळेना. मी शहाणीने चांगले कप कपाटात सारले नि कान तुटलेल्यांत चहा दिला.

माझी सून कानाशी आली. "आई, आपण इथे राहायला आलो तेव्हा घरात भांडं नव्हतं. ते चांगले कप यांनीच मला आणून दिलेत, तुम्हाला सांगायचं राहिलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी मात्र चहा पिऊन माझा सुजलेला गुडघा चोळत बसली. मी बरी आहे, काळजी नको. तुझी कंबर कशी आहे?

गुरुवारी परत येतो, असं बोटं मोजून सांगून गेल्यात. कुठल्या तोंडाने दार उघडू?

तुझी ताई