मागे घेतलेली सही

बिशान, सिंगापूर
मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७

प्रिय सुचित्रा,

नवव्या मजल्यावरून अकराव्या मजल्याला नमस्कार. एवढ्याशा अंतरासाठी पत्र लिहितेय म्हणून हसू आलं तर हसून घे. तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, मग मी करू तरी काय?

इकडे ठीक. गुडघा आपला कुरकुरतो. रविवारी क्षिप्राचा मेलबर्नहून फोन आला होता, मुलं बरी आहेत. लिटिल इंडियात मेथी छान मिळाली. अर्धीच जुडी द्या म्हटलं तर दुकानदार हसला.

आता मुद्द्याचं. गेल्या मंगळवारी लिफ्टमध्ये मी तुला म्हटलं, "मी सही केली." नववा मजला येईपर्यंत तू दाराकडे बघत राहिलीस. तुझं बरोबरच होतं. अख्खा काँडो बिल्डरला विकायला ऐंशी टक्के मालकांच्या सह्या लागतात आणि माझ्या सहीने त्या पुऱ्या झाल्या. तुझ्या दिलीपरावांना नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण खालच्या स्विमिंग पूलला फेरी मारून ते एकटे घरी येतात, कारण ही इमारत त्यांना पाठ आहे. हे मला माहीत होतं. तरी केली.

पैशासाठी नाही गं, तेवढं तरी खरं मान. विक्री समितीच्या मिसेस को मार्चपासून दर गुरुवारी यायच्या. कधी एग टार्ट आणायच्या, कधी संत्री. मी चहा टाकायची. विवेकचा फोटो बघून त्यांनी विचारलं, तुमचे मिस्टर कसे होते? तो गेल्यापासून चार वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तूही नाहीस. मला पहिल्याच दिवशी नाही म्हणता आलं असतं, पण मग त्या पुन्हा आल्या नसत्या. हो म्हटलं असतं तरी नसत्या. म्हणून "विचार करते, विचार करते" म्हणत मी आठ महिने काढले. शेवटी त्या म्हणाल्या, "आंटी, ओन्ली यू लेफ्ट, लाह." मी भिडेखातर वकिलासमोर सही करून आले. त्या गुरुवारी दोन कप काढून बसले, तर कुणी आलं नाही.

सही मागे घ्यायला कामकाजाचे पाच दिवस मिळतात, लेखी द्यावं लागतं. आज पाचवा. सकाळी वकिलाच्या ऑफिसात जाऊन पत्र दिलं, पोच घेतली. तिची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आता ऐंशी टक्के पुरे नाहीत.

इथेच थांबले असते तर चांगली ठरले असते. पण ऑफिसातून निघताना माझ्या मनात दिलीपराव आले नाहीत. आता मिसेस को परत येतील, हे आलं. लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्या येणारच. सह्यांची मुदत मार्चपर्यंत आहे आणि मला पुन्हा सही करता येते. फक्त दुसऱ्यांदा केली की ती मागे घेता येत नाही.

माझा भरवसा धरू नकोस, सुचित्रा. समोर बसून कुणी चहा प्यायला लागलं की मला नाही म्हणवत नाही. म्हणून तू येत जा. गुरुवारी तर येच, दिलीपरावांनाही आण. ही तुला धमकी वाटली तर तसं समज, पण ये.

बेल वाजवू नकोस, बाहेरून नावाने हाक मार. बेल वाजली तर उघडायचं नाही असं ठरवलंय. किती दिवस जमेल, सांगता येत नाही.

तुझीच,
नीलिमा