वीस मिनिटांचं काम

६ मे, मंगळवार, दुपार

प्रिय छकुले,

आशीर्वाद. तू उत्तर देत नाहीस, तरी लिहितोय. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय. तुझ्या वहिनीने तुझ्या लेकीसाठी स्वेटर विणायला घेतलाय. माप अंदाजाने धरलंय, पोरीला पाहून चार वर्षं झाली.

ऑफिसात मात्र उलथापालथ झाली. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी आमच्या तळघरातल्या मेनफ्रेमवर, त्या कपाटाएवढ्या संगणकावर, चालतात, हे तुला ठाऊकच आहे. त्या खोलीला खिडकी नाही, आणि यंत्र तापू नये म्हणून एसी अखंड चालू. भर उन्हाळ्यात कानटोपी घालून बसायचं, आणि एखाद्या दवाखान्याची लाइन पडली की ती उठवायची मीच. अशी सव्वीस वर्षं गेली. लोक कौतुकाने म्हणायचे, "तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही."

गेल्या सोमवारी नव्या मॅडम खाली आल्या. म्हणाल्या, "नेटवर्क मॅनेजमेंटची सेवा सुरू करा. लाइन मुख्य कचेरीतून दिसल्या पाहिजेत, तिथूनच उठवता आल्या पाहिजेत."

"बघतो. किचकट आहे जरा."

त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्याच. मग काय करतो! सेटिंगच्या फाइलमध्ये 'नाही'चं 'हो' केलं, तिकडच्या माणसांना परवानगी दिली, सेवा चालू केली. फोनवर तिकडचा माणूस म्हणाला, "दिसतायत हो सगळ्या."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं. ही सेवा सहा वर्षांपासून यंत्रावर आहे. बंद का होती?"

"कुणी मागितलीच नाही."

धडधडीत खोटं. दोनदा मागितली होती. यंत्र जुनं आहे, कोसळेल, असं सांगून मी दोन्ही वेळा टोलवलं. लांबून काम व्हायला लागलं तर आपल्याला कोण विचारतंय, ही धास्ती.

छकुले, चार वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या आठवड्यात तू तीनदा फोन केलास. "दादा, ती नुसती तुझं नाव घेते रे." मी म्हणालो, यंत्र सोडून निघता येत नाही, दवाखाने अडतील. त्यावर तू फोन ठेवून दिलास. लोकांच्या जिवाचं कारण पुढे केल्यावर कुणी काय बोलणार?

तेव्हाही वीसच मिनिटं लागली असती. मला ते माहीत होतं.

मॅडमनी पंधरा दिवसांची रजा दिलीय. आज पहिला दिवस, आणि सवयीने मी पुन्हा तळघरात येऊन बसलोय. मघाशी एक लाइन पडली. मी कीबोर्ड पुढे ओढेपर्यंत तिकडून कुणीतरी उठवलीसुद्धा. इथे माझं काही काम नाही, आणि उठून जावं म्हटलं तर पाय निघत नाही. वहिनी म्हणते, "आता तरी जाऊन या बहिणीकडे." काल बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तुझ्यासमोर हे बोलवणार नाही, आणि न बोलता तुझ्या घरात दोन घास उतरणार नाहीत. म्हणून आधी कागदावर टाकलं.

माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. वाचलंस एवढं नुसतं कळव, दुसऱ्या कुणाच्या हाती निरोप पाठवलास तरी चालेल.

हाक मारावीशी वाटली तर, तुझाच

दादा