माझा खटला सूनबाईला

हातमोज्यांच्या कारखान्यात जन्मभर अंगठे शिवले म्हणून जिला सगळे 'अंगठेवाली' म्हणतात ती मी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि आज जवळजवळ नाचतच हे मृत्युपत्र लिहीत आहे. कारण काल उच्च न्यायालयाने बेकरीतून काढलेल्या एका दिवंगत पाववाल्याच्या प्रकरणात निकाल दिला, की कामावरून काढलेला कामगार वारला तरी त्याचा खटला वारत नाही. वारसांना तो पुढे चालवता येतो. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, आता खुशाल मरा!"

कारखान्याचे मालक दर तारखेला विचारायचे, "बाई, दम लागतो का हो अजून?" केवढी ती माया! मी गेले की खटला मिटला, या आशेवर बसले होते. बसा आता बोंबलत.

१. राहते घर मुलाला.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या धाकट्या जावेला. माझ्या चांगल्या कात्रीने तिने पुठ्ठा कापला होता, हे मी विसरलेले नाही. तरी घे, बाई.

३. खटला मुलाला देत नाही. पोरगा गुणी आहे, पण "आई, जाऊ दे ना" हे त्याचे पालुपद. खटला सूनबाईला. आमचे कधीच पटले नाही. दूध कोणामुळे उतू गेले यावर ती आठवडाभर भांडली आणि जिंकलीही. तेव्हा माझा जळफळाट झाला. आज त्या जिभेवरून जीव ओवाळून टाकावासा वाटतो. तिला विचारले, तर म्हणाली, "आई, तुम्ही फक्त हो म्हणा. मालकाला घाम फोडते." आम्ही दोघी पोट धरून हसलो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

४. तडजोड करू नये. कारखाना म्हणतो, मी आपणहून काम सोडले. साफ खोटे! चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने पोरींना घेरी यायची, म्हणून मी खिळे ठोकून बंद केलेली खिडकी उघडा म्हटले. दुसऱ्या दिवशी मला फाटकातच अडवले. मला काढले, एवढे न्यायालयाने लिहायला हवे. त्याशिवाय मला चैन नाही.

५. आपल्या बाजूने निकाल लागला, की मी असेन तर मी, नसेन तर सूनबाईने कारखान्यात जाऊन ती खिडकी उघडावी. पक्कड स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे.

साक्षीदार: कोर्टाच्या फाटकाजवळचा चहावाला, पाववाल्याची बायको.

सही: अंगठेवाली
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: निकालाचा दुसरा दिवस

ता. क. पक्कड फळीवर शोधू नये. सूनबाईने आत्ताच पर्समध्ये टाकली.