हळदीखालची खपली

प्रिय सुमन,

आज अविधवा नवमी. तुझं पान वाढून झालं. कढी, वडे, खीर, आणि तुला आवडायचे म्हणून कोहळ्याचे बोंडं. पानाभोवतीची रांगोळी रूपालीनं काढली, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. रूपाली कोण, म्हणशील. तुझी सून गं! तू गेलीस तेव्हा नितीनचं लग्न कुठं झालं होतं? पोरगी गुणाची आहे, फक्त भाजीत मीठ टाकायला विसरते. ती तापातून उठून कालपासून बसायला लागली, म्हणून आज तुला लिहून राहिले.

तू हसशील. "बाई, तुम्ही चिवड्याच्या पुडीचा कागद आधी वाचता, मग चिवडा खाता!" असं म्हणायचीस ना? शाळा मी दोनच वर्षं पाहिली. वाचायला शिकले ते अशाच कागदांवर. पण पत्र कधी कोणाला लिहिलं नाही. हे पहिलंच, धाकट्या जावेला, आणि तेही पाच वर्षं उशिरा.

आठवतं तुला, महालक्ष्म्या घरी यायच्या दिवशी पत्री आणायची होती? माझं काम होतं ते. मी म्हटलं, "सुमन, माहा गुडघा लय दुखून राहिला, तू जाय वं धुऱ्यावर." तर तू म्हणालीस, "बाई, तुमचा गुडघा बरोबर सणालेच दुखते!" आणि हसत हसत गेलीस. संत्र्याच्या बागेचा तो धुरा, बांधावर कमरेएवढं गवत, त्यात तू फतकल मारून बसलीस. दुर्वा, आघाडा, केना... पदर भरून घेऊन आलीस. केवढी खूष होतीस! लक्ष्म्यांसमोर त्या वर्षीसारखी हिरवी रास पुन्हा कधी झाली नाही.

नवव्या-दहाव्या दिवशी तुला ताप भरला.

"डोकं कोणी उखळात घालून कांडून राहिलं," म्हणायचीस. आधी घरच्या गोळ्या झाल्या, मग मोहगावातलं औषध झालं. ताप जागचा हलेना. चौथ्या दिवशी मी तुझं अंग पुसायला बसले, आणि नाड्याच्या खाली, ओटीपोटाच्या कडेला मला ती दिसली. काळी खपली. हरभऱ्याच्या डाळीएवढी, भोवती लाल कडं. बिडीचा चटका बसावा तशी.

"हे काय वं?"

"नाडा काचला असंन. दुखत नाई, काई नाई. कोणाले सांगू नका, बाई."

मी हळद कालवली आणि वर लेप दिला. माझ्या हातानं! काचलेल्यावर हळदच लावतो आपण, दुसरं काय माहीत होतं मला?

दुसऱ्या दिवशी सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "शरीर पर कहीं कोई घाव-वाव है क्या?" एका बाजूला तुझा नवरा, माझे भाऊजी, उभे, दुसऱ्या बाजूला नितीन. तू माझ्याकडं पाहिलंस. मी तुझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हटलं, "नाही जी."

दोन शब्द, सुमन. त्यानं दुसऱ्याच तापाचं औषध लिहून दिलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्यानं तर विचारलं होतं.

पण तूही का गं गप्प बसलीस? नळाच्या पाळीवरून अख्खी आळी दणाणून सोडणारी तू! तिगावला माहेरी जायला निघालीस आणि गाडीतल्या बाईशी बोलता बोलता पार पुढं मुलताईला उतरलीस, अशी तू! एवढ्या तोंडानं तेवढं एक वाक्य निघालं नाही? रागावते आहे मी, रागावू दे. पाच वर्षं स्वतःवरच रागावून थकले आहे.

तुला धाप लागली तेव्हा नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली, ओला कापूस घेतला आणि हळद पुसली. खाली खपली तशीच. "ही केव्हापासून आहे? आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही?" मी बाजूलाच उभी होते. तिथंही बोलले नाही. त्यांनी लगेच बरोबर औषध सुरू केलं, पण तोवर छाती भरली होती, लघवी बंद झाली होती. घट बसायच्या आदल्या दिवशी तू गेलीस.

मग मी वाचत सुटले. पेपरात आलेलं कापून ठेवलं, गावात गोळ्या वाटणाऱ्या आशाताईला विचारून विचारून भंडावलं. स्क्रब टायफस म्हणतात त्याला. धुऱ्यातल्या उंदराच्या अंगावर, गवतात, डोळ्याला दिसणार नाहीत अशी किड्यांची पिल्लं असतात. चावतात तेव्हा कळतसुद्धा नाही. झाकलेल्या जागी चावतात: काखेत, जांघेत, छातीखाली, नाड्याखाली. सगळ्यांनाच खपली येते असं नाही, पण आली तर ती म्हणजे रोगानं स्वतः दिलेली ओळख. वेळेवर औषध मिळालं तर साध्या कॅप्सूलनं दोन दिवसांत ताप उतरतो. साध्या कॅप्सूलनं, सुमन! हे वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही हा रोग. तुझ्या तेराव्याला आळीतल्या चार जणी आपल्या घरचं पाणीही प्यायल्या नाहीत. त्यांना मी ते कात्रण वाचून दाखवलं.

पण पाहा माझी चलाखी. घरात सगळ्यांना मी किडा सांगितला, मला आधीच दिसलेली खपली नाही सांगितली. नितीनला, भाऊजींना वाटायचं, खपली नागपूरलाच पहिल्यांदा दिसली. खपलीचं बोलले असते तर कोणी ना कोणी विचारलंच असतं, तुला कसं ठाऊक? म्हणून रूपालीला एवढंच म्हणायची, "पत्रीले गेलीस तर अंगभर कपडे घाल, गवतात बसू नको, आल्याबरोबर आंघोळ कर." यंदा पोरीनं पूर्ण बाह्यांचं घातलं, पण आघाडा सापडेना म्हणून गवतातच शोधत बसली. आणि मोजून नवव्या दिवशी तिलाही तसाच ताप. तसंच डोकं.

चौथ्या दिवशी तोच दवाखाना. बाकावर गर्दी. डॉक्टरही तेच, केस तेवढे पांढरे झालेत. त्यांनी तेच विचारलं, "कहीं कोई घाव-वाव?"

रूपालीनं मान खाली घातली. "नाही जी."

सुमन, तो माझाच आवाज होता! तिच्या तोंडून माझंच बोलणं बाहेर पडलं. मी उठले. "डॉक्टर, थांबा जी. पडदा लावा तो."

"मोठ्या आई, काही नाही हो, राहू द्या," ती कण्हत म्हणाली.

"गप वं. हात वर कर."

काखेत पाहिलं, नाही. नाड्याखाली पाहिलं, नाही. डाव्या छातीखाली, घामानं ओल्या घडीत, होती. तीच काळी, तेच लाल कडं. मी पडदा सारला आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "आहे! डाव्या छातीखाली आहे. काळी खपली, बिडीच्या चटक्यासारखी."

बाकावरचे माणसं जमिनीकडं पाहायला लागले. पाहू देत.

डॉक्टर आत आले, मी चादर धरून उभी राहिले, त्यांनी एक नजर टाकली. रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही, कॅप्सूल लिहिल्या. म्हणाले, "अम्मा, आधा काम तो आपने कर दिया."

तेवढ्यात नितीन पुढं आला. "मोठे आई, तुले कसं समजलं कुठं पाहाचं ते?"

हाच तो प्रश्न. पाच वर्षं ज्याला टाळत होते तो. पुन्हा "नाही" म्हणता आलं असतं. पेपरात वाचलं, म्हणता आलं असतं.

"तुह्या मायले होती," मी म्हटलं. "नाड्याखाली. मी पाहिली होती. हळद लावली होती त्याच्यावर. अन् इथंच, याच डॉक्टरले, नाही म्हणून सांगतलं."

तो माझ्याकडं वळला. "काहून?"

"लाज वाटली, बापा."

"लाज," तो म्हणाला. तेवढंच. नाक-डोळे तुझेच आहेत ना त्याचे, तूच माझ्याकडं पाहून राहिलीस असं वाटलं. मग तो कॅप्सूल आणायला गेला.

दोन दिवसांत रूपालीचा ताप उतरला. जेवण झाल्यावर भांडंभर पाण्यासोबत मी स्वतः कॅप्सूल द्यायची, आणि लगेच आडवी होऊ द्यायची नाही. आशाताईनं तसं सांगितलं होतं. नितीन मात्र माझ्याशी बोलेना. ताट वाढलं तर जेवायचा, पाणी दिलं तर प्यायचा, आणि उठून बागेत जायचा. त्याचा हक्कच आहे तो. मी काय म्हणणार?

आज तुझ्या पानाला नमस्कार करून तो तिथंच बसला. मी स्वयंपाकघरात गेले. बोंडं झाकले, पुन्हा उघडले, पुन्हा झाकले. उगाच. थोड्या वेळानं तो दारात येऊन उभा राहिला.

"मोठे आई."

"काय बापा?"

"खालच्या आळीत शेवंताकाकूले पाच दिवसांचा ताप आहे. घरच्यायनं विचारलं त काही नाही म्हणते. दवाखान्यात न्याच्या आधी तू पाहून येतेस का? तुले दाखवंन ते काकू."

बाहेर गाडी सुरू करून उभा आहे, तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला त्यानं. माझ्या पायात चप्पल आहे आणि पत्र अजून हातात.

तुझ्याकडं माफी मागत नाही. मागितली तर तू हसत हसत देशील, आणि मला ती एवढ्या स्वस्तात नको. एक वचन तेवढं देते. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला जितक्या बाया येतील, तितक्यांच्या कपाळाला हळद लावताना एकेकीला सांगेन, ही हळद कपाळालाच लावा, खपलीवर नको. खपली डॉक्टरला दाखवा. जिला तोंड उघडवणार नाही, तिच्यासोबत मी जाईन, आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगेन. गुडघा दुखला तरी.

आले रे बाबा, आले!

तुझी,
बाई