पहिल्या आवृत्तीला लागलेलं कुंकू

९ सप्टेंबर २००६
मिळाली! अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ का होईना, नोकरी मिळाली. इथल्या जुन्या पुस्तकांच्या पेठेत, जिंबोचोला, इंग्रजी पुस्तकांचं दुकान. मालक होरिउची-सान, सत्तरीपुढचे. काम – दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कादंबऱ्यांमधून पहिल्या आवृत्त्या ओळखायच्या. नवऱ्याला, शिरीषला, हसू आवरेना. त्याच्या तोयोसूच्या सॉफ्टवेअर ऑफिसात म्हणे पहिल्या व्हर्जनला कुत्रं विचारत नाही.

१४ सप्टेंबर
शीर्षकपानावरचं साल आणि त्याच्या मागचं कॉपीराइटचं साल एकच हवं. मग कापडाचा रंग, बांधणी, शेवटच्या जाहिराती. थोडक्यात, पत्रिका जुळवायची! सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात. त्यांना कळेना – नंतरच्या आवृत्तीत चुका दुरुस्त केलेल्या असतात, मग पहिलीचं एवढं कौतुक कशाला?

३० सप्टेंबर
सापडली!! १८५७, बोस्टन. दोन्ही सालं जुळतात, कापडही तेच. क्योतोचे एक प्राध्यापक घेणार आहेत. होरिउची-सान म्हणाले, ही पहिलीच आवृत्ती असल्याचा दाखला तुम्हीच लिहा, तो पटला की तुम्ही कायम. लिहायला म्हणून पुस्तक घरी दिलंय. ट्रेनमध्ये तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसले.

२ ऑक्टोबर, दसरा
मेले! झेंडूची फुलं शोधायला खाली गेले होते. परत येते तो पाटावर सरस्वती, शिरीषची जाडी पुस्तकं आणि – ते! उघडलेलं. शीर्षकपानावर ओलं हळदकुंकू. शिरीषच्या पुस्तकांना नुसतं फूल.
सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घरात सगळ्यात जुनं तेच. आजच्या दिवशी त्यालाच डावलायचं?"
ओल्या बोळ्यानं टिपायला गेले, तर पानच सुटून हातात आलं. रडले. मग सासूबाईही रडल्या. श्रीखंडाला कुणी हात लावला नाही. शिरीषनं खाल्लं.

३ ऑक्टोबर
उद्या जाऊन सांगणार. सासूबाई येतेच म्हणतात. नको म्हटलं, तर साडीला इस्त्री करायला बसल्या.

४ ऑक्टोबर
सांगितलं. सासूबाईंनी मराठीतच माफी मागितली. होरिउची-सान वाकले, म्हणून त्याही वाकल्या. कोण आधी थांबणार कळेना!
मग होरिउची-सानांनी पान उजेडात धरलं. कडेला वाळलेल्या खळीची रेघ. पुस्तक नंतरच्या आवृत्तीचं निघालं. पहिलीचं नुसतं पान, कुठल्यातरी फाटक्या प्रतीतलं, आणून चिकटवलेलं. आणि त्याच्या भरवशावर मी दाखलाही लिहून टाकलेला! होरिउची-सानांनी खळीचा वास घेतला, क्योतोला फोन करून सौदा मोडला, आणि दुपारीच दुकान बंद केलं. नोकरी गेलीच म्हणायची. फार वाईट वाटतंय.

५ ऑक्टोबर
सकाळी त्यांचा फोन. "ती खळ माझे वडील घरी शिजवायचे. त्यांनी बांधलेली पुस्तकं दोन कपाटं भरून आहेत. सोमवारपासून रोज याल का? सगळी उघडून अशी चिकटवलेली पानं शोधायला हवीत. मला एकट्याला नाही जमायचं."